उकंडाभाऊंनी लावलेली लाइन

लेकीला, दीपाला, पाहायला दुपारी पाहुणे येणार होते आणि घरात पुऱ्यांना कणीक नव्हती. "दळण मी आणतो," उकंडाभाऊ ऐटीत म्हणाले. (बायकोने, सत्यशीलाबाईंनी, त्यांना तिथेच अडवायला हवं होतं.)

भाऊ नेरच्या कापूस खरेदी केंद्रावर चपराशी. बाजारात भाव पडले की केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची. ती सरळ ठेवणं हे भाऊंचं काम.

चक्कीवर वीज नव्हती. डब्यावर बसून भाऊ शेजारच्या मैनाबाईंना म्हणाले, "वीजही लाइन, रांगही लाइन. फोन कटला त लाइन कटली. वहीत आखली तेही लाइन. पोरगा कोन्त्या लाइनीत हाये, हेही इचारतात. एवढासा इंग्रजी शब्द, पन सारा संसार वाहून राह्यला. मले त त्याच्या पाया पडावं वाटते."

"मंग पडा. लाइन आली," मैनाबाई म्हणाल्या.

चक्की घरघरली आणि एकच झुंबड उडाली. भाऊंच्या अंगात केंद्र संचारलं. "सरका मांगं. आपापली गाडी लाइनीत घ्या." गाडी कोणाकडेच नव्हती, तरी सगळ्यांनी ऐकलं. डबे सुतासारखे सरळ लागले. भाऊ भारावून पाहतच राहिले.

आपलाही डबा त्या रांगेत हवा, हे त्यांना फार उशिरा सुचलं. केंद्रावर त्यांची स्वतःची गाडी कधी नसायचीच. आता आपणच लावलेली लाइन मोडायची कशी? डबा उचलून ते शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला आणि पुन्हा लाइन गेली, चक्की थांबली.

घरी सत्यशीलाबाईंनी डब्यात हात घातला. "गहू तसेच? अन् मैनाबाईचं कसं दळून झालं?"

"तिले मीच पुढं लावलं."

बाई पातेलं घेऊन उसनी कणीक आणायला मैनाबाईंकडे गेल्या.

पाहुणे आले. भाऊंनी पंगतही तशीच लावली; वडीलधारे आधी, वाढप क्रमाने, कुठे गोंधळ नाही. मुलाचे वडील थक्क झाले. "असा शिस्तीचा मानूस पाह्यला नाही. आमचा होकार समजा."

आत दीपा लाजून हसली. भाऊंचे डोळे भरून आले. पाहुण्यांना बसपर्यंत पोचवून ते समाधानाने ताटावर बसले. सत्यशीलाबाईंनी कालची भाकर वाढली.

"पुऱ्या?"

"सरल्या. तुमचे गहू अजून दळाचे हायेत."