घरवाल्यांना मुबारक

नरहर मास्तरांनी उभ्या नोकरीत एकाही मुलाला शाबासकी दिली नाही. मुलाचा पहिला नंबर आला, तर ते त्याच्या आईचं अभिनंदन करत. गुडघा फुटूनही मुलगा न रडता वर्गात आला, तर त्याच्या आजोबांचं. ज्याच्या घरी कुणीच धड नव्हतं, त्याच्या शेजाऱ्यांचं.

"पोराचं काय कौतुक करायचं?" ते म्हणत. "सकाळी त्याला अंथरुणातून ओढून, तोंड धुऊन, डोक्याला तेल चोपडून इथवर आणून घालणारा इसम शोधा. शाबासकीवर हक्क त्याचा."

पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य जाऊन पाचसहा वर्षं झाली होती. औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत आमची चौथीपर्यंतची शाळा होती. नरहर मास्तर तिचे हेडमास्तर. मी त्यांच्या हाताखाली, नुकतंच ट्रेनिंग घेतलेला आणि त्यामुळे सगळं ठाऊक असलेला. मास्तर मला नावानं हाक मारतच नसत. "अहो ट्रेनिंगवाले" म्हणत.

त्यांचं स्वतःचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. राज्य बदललं, झेंडा बदलला, क्रमिक पुस्तकं बदलली. मास्तरांच्या मराठीला तेवढी बदलीची ऑर्डर मिळाली नाही. फाटकाबाहेरच्या भिंतीत सिमेंटचा एक काळा फळा होता. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी ते त्यावर शाळेची खबर लिहीत, आणि ती एखाद्या फर्मानासारखी, 'इत्तिला' म्हणजे सूचना अशी सुरुवात करून लिहीत.

"इत्तिला. इयत्ता पहिलीतील बाबू याचे नाक सकाळी सातपासून आतापावेतो साफ आहे. घरवाल्यांना मुबारक."

"इत्तिला. इयत्ता दुसरीतील शांता हिने आपला डबा स्वतः खाल्ला. घरवाल्यांना मुबारक. रोज तो पळवणाऱ्यास आज का आवडला नाही याची चौकशी चालू आहे."

गल्लीतले लोक आधी हसले. मग वाचायला थांबू लागले. मग ज्यांची नावं आली नाहीत ते रुसू लागले. एक कापडवाले शेटजी तर फाटकावर भांडायलाच आले.

"मास्तर, महिना झाला, आमच्या घराण्याचं नाव नाय फळ्यावर. पोरगं तर रोज येतंय."

"येतं ना. तुमचा गडी आणून सोडतो. गेल्या बुधवारी गड्याचं नाव आलं होतं, वाचलं नाही का?"

दुसऱ्या दिवशी शेटजी स्वतः, कोट घालून, मुलाचं बोट धरून शाळेत आले. सगळी गल्ली बघत होती. मास्तरांनी फळ्यावर काहीही लिहिलं नाही. "एका दिवसानं काय होतंय?" म्हणाले. शेटजी मग सलग अकरा दिवस आले. बाराव्या दिवशी नाव लागलं, तेव्हा त्यांनी फळ्यासमोर फोटोग्राफर उभा केला.

एकदा जिल्ह्याचे शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले. त्यांच्यासाठी आम्ही आंब्याच्या पानांची कमान बांधली, रांगोळ्या घातल्या, मुलांना सकाळी आठपासून उन्हात बसवलं. साहेब साडेदहाला आले आणि 'पालकांचे सहकार्य' या विषयावर पाऊण तास बोलले. ऐकायला एकही पालक नव्हता, कारण सगळे कामावर गेले होते. मी भारावून टिपणं काढत होतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मजकूर होता: "इत्तिला. काल साहेबांचे भाषण पाऊण तास चालले. इयत्ता पहिलीतील एकाही मुलाने बाहेर जाण्याची परवानगी मागितली नाही. पहिलीच्या तमाम घरवाल्यांना मुबारक."

ही खबर साहेबांपर्यंत पोचली. वरून कागद आला की फळ्यावर फक्त सुविचार लिहावेत. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला, नीट दुमडला आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल शांत झालं.

मला हा फळा म्हणजे म्हातारपणाचा चाळा वाटे. गोदी शाळा सोडून गेली नसती, तर अजूनही वाटला असता.

गोदी, म्हणजे मल्हारी धनगराची गोदावरी, चौथीत होती. खाम नदीच्या पलीकडे माळावर त्यांचं पाल असे. दसरा झाला की मल्हारी मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला उतरायचा आणि उन्हाळ्यानंतर परत यायचा. धनगरांची मुलं शाळेत टिकत नसत ती यामुळे. पण या खेपेला मल्हारीनं म्हातारी आईला पोरीसाठी मागं ठेवायचं कबूल केलं होतं. गोदी चौथीच्या परीक्षेला बसणार होती. त्या वस्तीतून आजवर कुणी बसलं नव्हतं.

मास्तरांना हे सांगताना सुद्धा आनंदाच्या उकळ्या फुटत. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी फळा दोनदा पुसून कोरडा केला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं: "इत्तिला. इयत्ता चौथीतील गोदावरी ही शाळा उघडल्यापासून एकही दिवस गैरहजर नाही. तिचे वडील मल्हारी यांना मुबारक. असा इसम या शहरात दुसरा नाही."

दुसऱ्या दिवशी गोदी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी माळावर जाऊन पाहिलं, तर तीन काळे दगड आणि राख. पाल नाही, मेंढरं नाहीत, म्हातारीसुद्धा नाही.

फाटकासमोरच्या चहावाल्यानं उलगडा केला. "मल्हारी आला व्हता की मास्तर. म्हनला, भितीवर कुनाचं नाव लागलंय? मी म्हनलं, तुझंच की! त्यानं अर्धा चहा तसाच ठिवला आन निघाला. म्या हाका मारल्या, पर मागं बगितलं नाय गड्यानं."

"अहो, पण त्याचं कौतुक केलं होतं!" मी म्हणालो.

मास्तर पायरीवर बसले.

"ट्रेनिंगवाले," ते म्हणाले, "मल्हारीला वाचता येत नाही. आमच्या वेळी चावडीच्या भिंतीवर नाव लागलं, की त्या माणसाला ठाण्यात हजर व्हावं लागे. पोलीस ॲक्शनच्या वर्षी ठाण्यात गेलेले सगळे परत आले नाहीत. भिंतीवर माझं नाव लागलं असतं, तर मीही पळालो असतो. हे मला सुचायला हवं होतं. तुमच्याकडे सायकल आहे ना?"

रविवारी सकाळी आम्ही निघालो. फळा सोबत नेता येत नव्हता, म्हणून मास्तरांनी त्यावरचा मजकूर शब्दन् शब्द एका कागदावर उतरवला आणि खाली सही केली: "बकलम नरहर, सदर मुदर्रिस". सदर मुदर्रिस म्हणजे हेडमास्तर. प्रसंगाचा मान म्हणून जुनी काळी शेरवानीही घातली. पैठणच्या रस्त्यानं मी सायकल हाणत होतो आणि ते मागं कॅरियरवर, एका हातात छत्री धरून, मला चढ आला की "जोर लावा, तुमच्या घरवाल्यांना मुबारक" म्हणत होते. माझ्या घरवाल्यांना त्या दिवशी माझी तब्येत दिसली असती तर त्यांनी मास्तरांवर फिर्याद केली असती.

चितेगावच्या विहिरीवर बायकांनी सांगितलं, की पलीकडच्या शेतात नव्यानं मेंढरं बसवली आहेत. शेतकरी खतासाठी बसवून घेतात तशी. आम्ही गेलो. मल्हारीनं लांबूनच शेरवानी पाहिली. त्या वेषात मास्तर हुबेहूब जुन्या अमदानीतले ठाणेदार दिसत होते. त्यानं घोंगडं खाली टाकलं आणि हात जोडले.

"सायेब, म्या काय बी केलं नाय. पोरीनं काय पाटी-बिटी फोडली आसंल तर भरून देतो."

"मल्हारी, मी मास्तर आहे."

"मास्तर?" त्यानं निरखून पाहिलं. "मंग ह्ये असं कामून आलाव? जीव गेला की माझा. ठकू, पानी आन गं मास्तरला!"

त्याची बायको पाणी घेऊन आली. पालातून गोदी डोकावली आणि आम्हांला बघून तिनं तोंडावर हात धरला. मास्तरांनी पाण्याला हातही लावला नाही. उभं राहून, टोपी नीट करून, प्रार्थनेत वाचावं तसा त्यांनी कागद वाचला. शंभरेक मेंढरं आणि आम्ही पाच माणसं ऐकत होतो.

मल्हारीनं कागदाकडे बोट केलं. "म्हंजी, शाबासकी हाय व्हय ही?"

"आहे."

"मला?"

"तुम्हांलाच. असा इसम शहरात दुसरा नाही, असं लिहिलंय."

"आन म्या म्हातारीला पाठीवर घालून पळालो की हो!" तो हसायला लागला, इतका की घोंगड्यावर बसला. "उद्याच्याला धाडतो. म्हातारी आन पोरगी, दोघी बी. परीक्षा दिल्याबिगर हलायचं नाय, सांगून ठिवतो."

आमचं काम झालं होतं. मी सायकल फिरवली. तेवढ्यात ठकूबाई, पदर सावरत, मास्तरांकडे न बघता म्हणाली, "माझं नाव नसंल त्यात."

"बायकांचं नाव कशाला आसतंय?" मल्हारी म्हणाला. "आन तू काय केलंस?"

"येणी कोन घालतं रोज? चार वाजता उठून नदीवरनं पानी कोन आनतं?" ती म्हणाली, पण हळू, जणू स्वतःशीच.

मास्तरांनी घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला. "आहे की. चष्म्यामुळं ओळ सुटली माझी." आणि मघाच्याच आवाजात वाचलं, "तिचे वडील मल्हारी व तिची आई ठकूबाई यांना मुबारक. असं घर या शहरात दुसरं नाही."

कागदावर असं काही नव्हतं. मी तो सकाळी वाचला होता.

ठकूबाई पुढं आली. "कुठं हाय? दावा की."

मास्तरांनी क्षणभर कागदाकडे पाहिलं आणि तळाशी, आपल्या सहीवर बोट ठेवलं. तिनं ओला हात लुगड्याला पुसला आणि त्या अक्षरांवरून हळूच फिरवला. मग गोदीला ओढून जवळ घेतलं. "बग गं. हेच का?"

गोदी वाकली. ती चौथीत होती, आणि तिचं वाचन वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. तिनं सही वाचली, मान वर करून मास्तरांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "व्हय आये. हेच हाय तुझं नाव."