टाकी लावण्याचा परवाना

इतवारीतल्या अंजनाबाईंच्या ओट्यावर त्यांचा पाटा अर्धा टाकवून झाला होता, तेवढ्यात परवाना निरीक्षक चंपतरावांनी सायकल भिंतीला टेकवली आणि टाकीवाल्या रंभाबाईकडे परवाना मागितला.

"कायचा परवाना?"

"दगडकामाचा. सोमवारपासून हाताच्या सगळ्या धंद्याईले लागू झाला."

"मी दगडकाम नाही करत गा. मी पाट्याले टाकी लावून राहिली," रंभाबाई म्हणाली आणि मान वर न करता छन्नीवर हातोडी मारली.

वापरून गुळगुळीत झालेला पाटा छन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करायचा, हे काम ती तीस वर्षे दारोदार फिरून करत होती. काम संपले की पाट्याच्या कोपऱ्यात एक बारीक चांदणी कोरायची, ही तिच्या सासूची रीत. इतवारीत चांदणी नसलेला पाटा शोधून सापडला नसता. चंपतरावांना मात्र कागद हवा होता. त्यांनी हातोडी आणि दोन्ही छन्न्या जप्त करून पिशवीत टाकल्या आणि तिच्या हातात पावती ठेवली. आता पावतीने काही पाटा टाकवता येत नाही. अंजनाबाईंचा पाटा अर्धा खरखरीत आणि अर्धा गुळगुळीत राहिला, आणि त्या रात्री त्यांच्या चटणीत अख्ख्या मिरच्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई परवाना कार्यालयात जाऊन उभी राहिली. हत्यारे गेली की तिची चूलही गेली, हे उघड होते. पण ती हात जोडायला आली नव्हती.

"माही हातोडी द्या," ती म्हणाली.

परवाना अधिकारी गणपतराव नियमांच्या पुस्तकाला अंघोळ सोडून सगळीकडे सोबत नेणारे गृहस्थ होते. त्यांनी पुस्तक उघडले. "आधी अर्ज द्या. अर्जदाराचे दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. मग प्रात्यक्षिक परीक्षा."

"परीक्षा कोन घेईन?"

गणपतरावांनी पान उलटले. परीक्षा त्रिसदस्यीय समितीने घ्यायची होती: अधिकारी, निरीक्षक, आणि त्याच धंद्यात किमान दहा वर्षे काढलेली एक जाणकार व्यक्ती. त्या व्यक्तीच्या शोधात चंपतरावांनी दोन दिवस इतवारी पालथी घातली. बाकीच्या टाकीवाल्या हुकूम ऐकूनच कळमेश्वरकडे निघून गेल्या होत्या. उरलेले नाव एकच होते.

त्यामुळे अर्ज आणि फोटो दिलेली रंभाबाईच गुरुवारी समितीच्या तिसऱ्या खुर्चीवर बसली. शिपायाने उमेदवाराचे नाव पुकारले, तशी ती उठून दाराबाहेर गेली आणि पुन्हा आत आली. नियम म्हणजे नियम, आणि तो रंभाबाईने इतका गंभीर चेहरा ठेवून पाळला की कारकुनांना फायलीत तोंडे खुपसावी लागली.

परीक्षेसाठी पाटा हवा होता. सरकारी भांडारात खुर्च्या होत्या, कुलपे होती, पाटा नव्हता. मग गणपतरावांनी आपल्याच घरचा पाटा रिक्षातून मागवला. "संध्याकाळी परत पायजे, आन् धड पायजे," असा त्यांच्या बायकोचा, प्रेमिलाबाईंचा, निरोपही पाट्याबरोबर आला.

रंभाबाईने पाट्यावरून हात फिरवला आणि कोपऱ्यात बोट ठेवले. तिथे चांदणी होती. "साहेब, माहा परवाना तर तुमच्या घरीच हाये. आठ वर्षांपासून तुमी त्याच्यावरची चटणी खाऊन राहिले."

आता मात्र कारकुनांना फायली पुरल्या नाहीत. गणपतरावांचे कान लाल झाले. "समितीने काम तपासायचे असते," ते कडक आवाजात म्हणाले. "सुरू करा."

"करतो न जी. पण छन्नी किती तिरपी धरावी, घाव किती खोल पडावा, हे तुमाले कसं समजन? एक डाव मारून तर पाहा."

"त्यात काय एवढं," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी टेबलावरची जप्त केलेली हातोडी उचलली. पहिले दोन घाव त्यांनी भीत भीत घातले. मग चंपतरावांनी छन्नी सरळ धरायचा सल्ला दिला. तिसऱ्या घावाला पाटा बरोबर चांदणीतून दुभंगला.

रंभाबाई शांतपणे आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. निकालाच्या कागदावर जाणकार सदस्याचा अंगठा हवा होता, तो तिने लगेच उठवला. "लिहा बाबू, दोघंही नापास." मग टेबलावरची हातोडी आणि छन्न्या उचलून तिने पदरात बांधल्या.

"अहो, परीक्षा राहू द्या, परवाना तर घ्या," चंपतराव म्हणाले.

"ठेवा तुमच्यापाशी. माह्या सासूनं घेतला नाही, मीही घेत नाही."

संध्याकाळी प्रेमिलाबाईंनी दोन तुकडे पाहिले आणि नवऱ्याला एवढेच विचारले, "तुमाले ठोकाचा परवाना कोनं देल्ला होता?" पुढचे दोन दिवस त्या घरात ताटात चटणी वाढली गेली नाही. नवा पाटा आला, पण तो काचेसारखा गुळगुळीत. त्याला आधी टाकी लागणार होती.

शनिवारी रंभाबाई अंजनाबाईंच्या ओट्यावर उरलेला अर्धा पाटा ठोकत होती. चंपतराव घामाघूम होऊन आले. सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात बांधलेला दगड होता. तिच्या हातातल्या छन्नीकडे न पाहता ते म्हणाले, "साहेबाच्या घरचा हाये. टाकी लावून पायजे."

"ठेव तिथं. आधी अंजनाबाईचा होऊ दे. तुह्यापायीच राह्यला होता."

चंपतराव ओट्याच्या कडेला बसले. रंभाबाईने पाटा पुरा केला, पाणी शिंपडून तळहाताने तपासला आणि कोपऱ्यातली जुनी चांदणी पुन्हा ठसठशीत केली. चंपतराव जरा सरकून जवळ आले.

"बाई, आमच्याही घरचा पाटा गुळगुळीत झाला. बायको रोज म्हणून राहिली. उद्या येता का?"

"येतो न. काहून नाही येणार?" रंभाबाई म्हणाली. तिने साहेबांचा नवा पाटा पुढ्यात ओढला आणि छन्नी तिरपी धरली. "पण आधी अर्ज लागन. आन् दोन फोटो."

"कोनाचे?"

"पाट्याचे गा. एक समोरून, एक बाजूनं," ती म्हणाली आणि तिने पहिला घाव घातला.