न बुडणारा पाणबुड्या

जलाशयाच्या तळाशी एक लोखंडी जाळी आहे आणि तिच्यातून शहराचे सगळे पाणी येते. शेवाळ, फांद्या आणि नागरिकांनी काठावरून भिरकावलेल्या वस्तू यांमुळे ती तुंबते; ती मोकळी करण्यासाठी पाणीपुरवठा खात्याने एक पाणबुड्या ठेवला आहे. हा गृहस्थ पाठीवर श्वासाच्या हवेच्या दोन टाक्या बांधून पाण्यात उतरतो. त्या टाक्यांना कवेत घेणारी एक फुगणारी पिशवी असते, तिला विंग म्हणतात. विंगेत हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. व्यवस्था इतकी सोपी होती की खात्याचे तिच्याकडे कधी लक्षच गेले नव्हते.

लक्ष गेले, ते जुनी विंग तळाशी असतानाच फाटल्यामुळे. पाणबुड्या दोर धरून कसाबसा वर आला. घरी बायकोने त्याचे सोललेले तळवे पाहिले आणि निकाल दिला, "नवी विंग मिळेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. मग तुमची ती जाळी तुंबो नाहीतर फुटो."

जाळी तुंबू लागली. खात्याने तातडीने निवड समिती नेमली. अध्यक्षांना पाण्याची भीती होती, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका उरली नाही. लेखापाल पदसिद्ध सदस्य होते. नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून फरशीचे एक दुकानदार घेण्यात आले. त्यांचा पाण्याशी संबंध फरशी धुण्यापुरता होता.

"माणूस एक आणि टाक्या दोन?" लेखापालांनी पहिल्याच बैठकीत चष्मा पुसला. "दुसरी कोणाची?"

"दोन्ही माझ्याच साहेब," पाणबुड्या म्हणाला. "एकीनं दगा दिला तर दुसरी."

"म्हणजे पहिलीवर तुमचा विश्वास नाही. मग ती घेतलीत कशाला?"

 पाणबुड्या एरवी बोलघेवडा होता. आपल्या शौर्याच्या गोष्टी ऐकवून त्याने खात्यातल्या तीन चहावाल्यांना कंटाळा आणला होता. पण समितीपुढे त्याची बोबडी वळे.

पुढे आकाराचा प्रश्न आला. विंगा दोन प्रकारच्या मिळत: घोड्याच्या नालासारख्या आणि चाकासारख्या गोल. दुकानदारांनी गोल विंगेला पाठिंबा दिला, कारण नाल एका बाजूने उघडी असते आणि उघडे काही ठेवणे हल्लीच्या दिवसांत बरे नव्हे. किती वजन उचलणारी घ्यावी, यावर अध्यक्ष म्हणाले, "सगळ्यात जास्त उचलणारी. माणूस हलका निघाला तर उरलेलं उचलणं शिल्लक राहील."

एवढे झाल्यावर खात्याच्या प्रथेनुसार टेबल-चाचणी झाली. या खात्यात कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी ती बैठकीच्या टेबलावर ठेवतात आणि पुढच्या बैठकीपर्यंत तिच्यात काही फरक पडला, तर ती सदोष ठरवतात. एका विक्रेत्याने आणलेली विंग टम्म फुगवून टेबलावर ठेवण्यात आली. पुढच्या बैठकीत दुकानदारांनी तिच्या बाजूला लोंबणारी दोरी कुतूहलाने ओढली. फुस्स! समितीच्या डोळ्यांदेखत विंग मान टाकून पडली.

"सदोष," अध्यक्ष म्हणाले.

विक्रेता घाईघाईने उठला. "साहेब, ती झडप आहे. दोरी ओढली की हवा सुटायलाच पाहिजे!"

"हवा धरून ठेवणं हे हिचं काम. दोरी ओढली म्हणून काम सोडायचं? मीही उद्या कोणी बाही ओढली की खुर्ची सोडू?"

विक्रेता अनुभवी होता. पुढच्या बैठकीला त्याने तीच विंग झडपेला डिंक लावून आणली आणि तिचे नाव 'अढळ' असे सांगितले. दुकानदारांनी दोरी ओढली, लेखापाल टेबलावर पाय रोवून तिला लोंबकळले, अध्यक्षांनी स्वतः कोपराने दाबून पाहिले. विंग तशीच टम्म. निवड एकमताने झाली आणि फुगलेल्या अवस्थेतच तिला सील ठोकण्यात आले.

पाणबुड्याचा चेहरा उतरला. "साहेब, हिच्यातली हवा सोडता येत नाही."

"सोडायची कशाला?"

"खाली जायला."

"हे पाहा," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "आमच्यापुढे विषय होता तो वर येण्याचा. खाली जाणं तुमचं तुम्ही बघा."

"निदान जरा शिसं तरी बांधा कमरेला."

"म्हणजे समितीनं निवडलेल्या उचलशक्तीवर अविश्वास? तसं लिहून द्याल?"

पाणबुड्याला कुटुंब होते. त्याने लिहून दिले नाही.

उद्घाटनाला काठावर मांडव घातला होता. पाणबुड्याने उडी मारली आणि बुचासारखा वर येऊन, पाठीवरच्या विंगेमुळे तोंड पाण्यात घालून पालथा तरंगू लागला. बराच वेळ तो नुसते पाय मारत होता. मग पायही थांबले. त्याला बाहेर ओढले, तेव्हा बायको धावत आली.

"सुखरूप वर आले बाई!"

"अजून गेलेच कुठं होते?" लेखापाल पुटपुटले, पण तोवर हार आला होता. पाणबुड्याने आधी जलाशयाकडे पाहिले, मग हाराकडे, आणि मान पुढे केली. आता तो शौर्याच्या नव्या गोष्टी सांगतो. पूर्वीपेक्षा अधिक कोरड्या कपड्यांनी.

त्या दिवशी काठावरच्या गर्दीत तुम्हीही होतात. तुमच्या सौभाग्यवतींनी विचारलेही, "अहो, हा खाली कधी जायचा?" तुम्ही म्हणालात, "गप्प बस, व्हिडिओत तुझा आवाज येतोय." मग तुम्ही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन नळ उघडलात, तेव्हा तो थोडा खाकरला आणि गप्प झाला.

खात्याला तुमची तक्रार मिळाली आहे. पाणबुड्याला याहून मोठी विंग द्यावी, ही तुमची सूचना समितीला मनापासून पटली असून फुगवलेला नमुना टेबलावर ठेवण्यात आला आहे.