जमादारची मुंज

सोमवार: सोसायटीच्या जिन्यात केळवणाचे जाहीर निमंत्रण. जबाबदार: बापूसाहेब शिर्के. शुक्रवार: शस्त्रक्रिया. जबाबदार: बापूसाहेब व त्यांचे पशुवैद्य. रविवार: एका वाजवी विनंतीस तोंडी नकार. जबाबदार: सोसायटीचे चिटणीस किरीटभाई. घटनाक्रम नमूद केल्यावाचून मी कोणत्याही विषयास हात घालत नाही. बडोद्याच्या दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाची ही सवय वाचकांनी क्षम्य मानावी.

जमादार हा बापूसाहेबांचा शुगर ग्लायडर. मुठीत मावणारा, खारीसारखा, पायांमधील कातडी पसरून पडद्यावरून कपाटावर तरंगत जाणारा परदेशी प्राणी. बापूसाहेब गायकवाडी फौजेतील शिलेदारांचे वंशज आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यातील निवृत्त फोरमन. सभ्य माणूस जेथे पेन ठेवतो, त्या छातीवरच्या खिशात ते जमादारला ठेवतात. रावपुऱ्यातील बँकेत एकदा त्या खिशातून शेपूट बाहेर आले आणि खिडकीमागील बाई किंचाळल्या. बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "गभराशो नहीं बेन, पहारो बदलाय छे."

हा प्राणी बाळगणे बेकायदेशीर असावे, या आशेने मी सारे कायदे धुंडाळले. सरकारी नोंदणीसकट सर्व कागद त्यांनी आधीच तयार ठेवलेले निघाले. पहिल्या फेरीत मी हरलो.

पुढे पशुवैद्यांनी जमादारच्या खच्चीकरणाचा सल्ला दिला. मी तो शब्द उच्चारताच बापूसाहेब कडाडले.

"हा शब्द आमच्या घरात नको, वकीलसाहेब! मुंज म्हणा. ब्रह्मचर्य आलंच. क्षौर डॉक्टर करणार आहेत. मग उरलं काय?"

"जानवे," मी म्हणालो. (मी वकील नाही, हे मी त्यांना अनेकदा लेखी कळवले आहे.)

"टाके पडणार आहेत की! आणि मुंजीआधी केळवण. शिरस्ता म्हणजे शिरस्ता."

जिन्याच्या भिंतीचा खाजगी निमंत्रणासाठी वापर केल्याबद्दल मी रीतसर हरकत नोंदवली. त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर आले: "हरकत पोचली. पाटावर बसणार की टेबलावर?"

हरकत समक्ष मांडावी म्हणून मी केळवणास गेलो. खोलीभर पाने मांडली होती. जमादारच्या छोट्या पानावर पपई, उकडलेले अंडे आणि डाव्या बाजूस, चटणीच्या जागी, वळवळत्या अळ्या. निमंत्रण सबंध इमारतीला होते. आलेला मी एकटा.

"येतील हो, उशीर होतोच," बापूसाहेब दाराकडे पाहत म्हणाले. "बडोद्यात मोडुं थायच." मग बराच वेळ गेला आणि त्यांनी मला श्रीखंड दुसऱ्यांदा वाढले. मांडलेली पाने मात्र उचलली नाहीत.

तयारी त्यांनी कारखान्याच्या शिस्तीने केली. जमादारला निजण्यासाठी मऊ कापडाच्या पिशव्या स्वतः शिवल्या. सुटा धागा राहिला तर त्यात नख अडकते, म्हणून प्रत्येक शिवण भिंगाखाली तपासली. शस्त्रक्रियेनंतर उडी मारली की टाके ताणतात, म्हणून पिंजऱ्यातील फांद्या, झोके, सारे काढून टाकले. "छावणी उठवली," ते म्हणाले.

शुक्रवारी मी साक्षीदार म्हणून दवाखान्यात गेलो. जमादारला आत नेले आणि बापूसाहेबांचा हात रिकाम्या खिशावर जाऊन राहिला. वातावरण हलके करावे या हेतूने मी म्हणालो, "या मुंजीला सोडमुंज नाही, हे ध्यानात घेतलेत ना?"

हजरजबाबी माणसाने खिशाचे बटण लावले. मग म्हणाला, "वकीलसाहेब, हे टोळीनं राहणारं जनावर. एकटं पडलं की आपलेच केस उपटतं. डॉक्टरांनी पोटाजवळचा उघडा पडलेला भाग दाखवला मला. मी आपला समजत होतो, मी आहे की! पण मी पडलो माणूस. आता मादी आणली तर पिल्लांची फौज होणार नाही, सोबत तेवढी होईल." मग माझ्याकडे न पाहता, "एकट्यानं जमतंय असं वाटतं हो. जमत नसतं."

जमादार सुखरूप बाहेर आला. ज्यांचा खोकला गोरव्यापर्यंत ऐकू जावा, ते बापूसाहेब त्यानंतर घरी ऊबदार पिशवी छातीशी धरून खुर्चीत बसले आणि कुजबुजीत बोलू लागले. तो टाक्यांकडे तोंड नेऊ लागला की "नाही राजा, नाही," म्हणत बोटाने त्याचे कपाळ चोळीत. मी दारात उभा होतो, हे त्यांना ठाऊकही नव्हते.

रविवारी मादी आणण्याची परवानगी मागण्यास आम्ही दोघे किरीटभाईंकडे गेलो. किरीटभाई वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "एक जनावर बहु थयुं, काका. तमे एकला रहो ज छो ने? तो एने शुं वांधो?"

तुम्ही एकटे राहताच, मग त्याला काय अडचण, या सवालावर बापूसाहेबांनी वाद घातला नाही. "चालशे," एवढेच म्हणाले आणि पिशवीवर तळहात ठेवून, पायरीपायरीवर थांबत जिना चढू लागले. शिलेदारांच्या वंशजाने असे चढू नये.

सोसायटीचे नियम मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा वाचले आहेत. प्राण्यांच्या संख्येवर त्यांत कोणतीही मर्यादा नाही. सबब माझी जाहीर मागणी अशी: किरीटभाईंनी सूचनाफलकावर, सर्व सभासदांच्या नजरेसमोर, स्वतःच्या सहीने उत्तर द्यावे, की या इमारतीत एकटे राहणे कोणत्या कलमान्वये सक्तीचे केले आहे?