कॉम्प्रेसरचा तांबडा दिवा

तीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांशी भांडलो, संपादकांशी भांडलो. पण नोटीस मिळाली ती घरातच. आमच्या बँडमध्ये मी बास गिटार वाजवतो आणि गायिका म्हणजे माझी बायको. भर तालमीत गाणं थांबवून म्हणाली, "अहो, तुमचा बास एकदा कानठळ्या बसवतो, एकदा गायबच होतो. शनिवारच्या कार्यक्रमात असंच झालं, तर तुमचं काम कीबोर्डवाले डाव्या हाताने करतील."

माझं काम? डाव्या हाताने?

तडक दुकान गाठलं. पायाशी ठेवायची एक डबी मिळते, कॉम्प्रेसर. जोराचा सूर दाबते, हळूचा उचलते. दुकानदाराची दोन तास उलटतपासणी घेतली, पाच डब्या त्याच्याकडून वाजवून घेतल्या आणि तांबडा दिवा असलेली निवडली. "सूर दाबला जातोय तोवरच दिवा लागतो," तो म्हणाला.

घरी जोडली. दिवा लागला. लागला तो विझेचना!

"फसवणूक!" मी गरजलो.

"आधी त्या दुकानदाराला विचारून तरी या," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? छापायचं!"

दुसऱ्या दिवशी बास घेऊनच दुकानात धडकलो. डबी बदलून घेतली, वाजवली. तांबडा. तिसरी. तांबडा. मी वही उघडली. "सगळाच माल खराब! बोला, तुमचं काय म्हणणं?"

त्याने शांतपणे माझा बास घेतला आणि वाजवला. दिवा लागला, विझला, लागला, विझला. गुणी बाळासारखा. "आता तुम्ही."

मी वाजवला. तांबडा.

"काका, तुम्ही तारा वाजवत नाही, त्यांना जाब विचारता."

(हे वाक्य मी वहीत घेतलं नाही.)

शनिवारी मंचावर उभा राहिलो ते दिव्यावर डोळा ठेवून. बोटं पिसासारखी हलकी. दिवा लागला... आणि विझला! पुन्हा लागला, पुन्हा विझला! मला आनंदाने नाचावंसं वाटलं. ड्रम वाजवणारी आमची दातांची डॉक्टर मान डोलावू लागली. एरवी गाता गाता माझ्यावर डोळे वटारणारी बायको चक्क हसली. शेवटच्या गाण्याला अख्खं सभागृह उभं!

"माझी जागा?" मी तिथेच विचारलं.

"पक्की!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक गृहस्थ लगबगीने मंचावर आले. मी हात पुढे केला. तो ओलांडून ते बायकोला म्हणाले, "ताई, गेल्या खेपेपेक्षा आज फारच सुरेख झालं! ते कानठळ्या बसवणारे बासवाले आले नव्हते वाटतं?"