बोर्गहिल्डबाईंचं यीस्ट

नाताळची बियर करायला अजून आठवडा होता आणि आर्नस्टाइनचा पाय घरात ठरत नव्हता. माल्टचं पोतं तो येता-जाता हलवून बघे, हॉप्सच्या कडवट फुलांची पिशवी हुंगे आणि फ्रीझर उघडून आतली कागदी पुडी चाचपे. तिच्यात शेजारच्या बोर्गहिल्डबाईंच्या घराण्याचं वाळवलेलं यीस्ट होतं. त्या घरची बियर पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच फसफसत आली होती. मुलं ऑस्लोला गेली, बाईंचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी उरलंसुरलं यीस्ट आर्नस्टाइनच्या ओंजळीत ठेवलं. "एवढंच राहिलंय. जीव आहे त्यात. जप हो."

जप म्हटल्यावर त्याची झोपच उडाली. फ्रीझरमध्ये बायकोचा, राग्नफ्रिडचा, सारखा हात. म्हणून पुडी तळघरात गेली. तळघरात ओल, म्हणून माळ्यावर. माळ्यावर उंदरांची खुडबुड.

"अरे, मांजर पिल्लं फिरवतं तसं काय चाललंय तुझं?" राग्नफ्रिडने विचारलं.

"तुला नाही कळायचं त्यातलं."

टोमणे चुकवायला त्याने मग गुपचूप स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा रिकामा डबा काढला, यीस्ट त्यात ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. ओल नाही, उंदीर नाही, बायकोही नाही. तो पहिल्यांदाच निवांत बसला.

शुक्रवारी जेवायला तळलेला कॉड मासा होता.

"काय कुरकुरीत झालाय!" तिसरा तुकडा उचलत आर्नस्टाइन म्हणाला. "किंचित कडवट, पण झकास."

"मासा घोळवायचा टोस्टचा चुरा संपला होता रे. बरं झालं, वरच्या फळीवर आणखी एक डबा सापडला."

आर्नस्टाइनचा घास तोंडातच राहिला.

"असा पांढरा का पडलास? काटा लागला का घशात?"

त्याने कसंबसं सांगितलं. राग्नफ्रिड आधी खो-खो हसली, मग त्याचा चेहरा बघून मासा घोळवलेली ताटली घेऊन आली. तिच्यात थोडं यीस्ट उरलं होतं, पण त्यात मीठ आणि भरपूर मिरपूड मिसळलेली.

"उद्या बियर लावायला बोर्गहिल्डबाई येतायत," तो म्हणाला. "त्यांच्या आजीच्या आजीचं यीस्ट मी तळून खाल्लं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने खाल्लंस त्याच!"

दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत आल्या. पिंपातला माल्टचा काढा कोमट झाला होता. आर्नस्टाइनने ताटलीतलं उरलेलं पुढे केलं. बाई वाकून हुंगायला गेल्या आणि दणकून शिंकल्या.

"फ्रीझरमध्ये होतं कधी कधी असं," राग्नफ्रिड घाईघाईने म्हणाली.

"होत असेल. टाक आणि ओरड! ओरडल्याशिवाय यीस्ट जागं होत नाही."

रीतच होती तशी. आर्नस्टाइनने डोळे मिटले आणि असा काही टाहो फोडला, की अंगणातला कुत्रा गाडीखाली जाऊन बसला.

"एवढा जीव तोडून तर आमचे वडीलही कधी ओरडले नाहीत," बाई कौतुकाने म्हणाल्या.

रविवारी सकाळी तो पिंपाला कान लावून बसला. आत सगळं शांत. कॉफी गार झाली, गुडघे आखडले, तो उठेना. दुपारी आत काहीतरी चुरचुरलं आणि बघता बघता फेस झाकणाबाहेर आला. आर्नस्टाइनने राग्नफ्रिडला धरून गिरकी घेतली.

नाताळात पहिला पेला बाईंना दिला. घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"आईच्या हातची चव! तोच किंचित तिखट झणका! माझ्या बियरला कधी म्हणजे कधी आली नाही. ती काय करायची, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही तिने. तू काय केलंस रे?"

राग्नफ्रिडने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. पण त्या डोळ्यांपुढे खोटं बोलणं आर्नस्टाइनला जमेना. डब्यापासून तव्यापर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

बाईंनी पेला खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे आईनेही यीस्ट माशांना लावलं होतं तर!" हसता हसता त्यांना ठसका लागला. "आणि बिचारी वडिलांच्या धाकाने जन्मभर गप्प बसली!"